चावडीच्या भिंतीवरची गाठ

गोरेगाव, बाजारचा दिवस, १९४१

आठवडाभर खपून काढलेल्या चित्रात आज चूक निघाली, आणि मी संध्याकाळपासून हसतोच आहे.

आजवर मोठ्या घरांच्या बैठकीच्या भिंती रंगवल्या. ती चित्रं पाहिली कोणी? फक्त पाहुण्यांनी. म्हणून यंदा चावडीच्या बाहेरच्या भिंतीवर मीठ वाहणारे लमाणांचे बैल काढले. पाटील म्हणालेही, "मास्तर, बाहेर धुळीत काहून काढता?"

आज लमाणांच्या तांड्यावरची एक म्हातारी बाजाराला आली होती. भिंतीसमोर उभी राहून तिनं बराच वेळ पाहिलं.

"मास्तर, ह्यो बैल कोसभरबी जायाचा न्हाई. गोणीची गाठ चुकली."

बाजारातले भोवतीचे सगळे हसले. गाठ! बैठकीतल्या कुणी असं निरखून पाहिलंच नव्हतं. मी कुंचला तिच्यापुढे धरला.

"मग तुमीच बांधा, मावशी."

कुंचला बाजूला सारून तिनं बोटं गेरूत बुडवली आणि दोन फटक्यांत गाठ मारली. पक्की! मग तिच्या बापाच्या बैलांची नावं सांगत बसली. भोवती गर्दी, गर्दीत पाटीलही.

जाताना म्हणाली, "शेपूटबी चुकलंय. पुढच्या बाजारी बघू."

मी तर म्हणतो, कान, शिंगं, खूर, सगळंच चुकलेलं असू दे.