न वाजलेला अलार्म

गुरुवार, संध्याकाळ. अक्कलकुवा

लसींच्या फ्रिजचं तापमान वाढलं की ओरडणारं यंत्र मी बनवलंय, पण त्याचा अलार्म आज वाजलाच नाही. चाचणीसाठी सेन्सर गरम पाण्यात बुडवला, पडद्यावर तापमान चढत गेलं, तरी अलार्म गप्प. माझ्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे अलार्म चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, त्याला गप्प करणारी एकही ओळ नाही. मग कोणी केलं?

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "कोनी तरी सांगेल व्हई त्याले, चूप ऱ्हाय म्हनीसन."

तसंच निघालं. वीज येताच आधी फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये मुळातच असलेला प्रोग्राम, जागं होतं. स्वतःची तपासणी करताना ते अलार्म बंद करतं आणि तसाच सोडून जातं. माझा ड्रायव्हर मागून येतो, सगळं कोरं आहे असं धरून चालतो. मीच तसं लिहिलं होतं. आता ड्रायव्हरच्या सुरुवातीलाच फर्मवेअरने मागे सोडलेल्या सेटिंग्ज पुसून टाकल्या. अलार्म असा किंचाळला की आई दचकली.

पण डोंगरातल्या उपकेंद्रात गेल्या आठवड्यात बसवलेल्या यंत्रात जुनाच ड्रायव्हर आहे. तिथल्या बाळांच्या लसी त्याच्या भरवशावर. नर्सताईंना लगेच फोन लावला.

"अगं, फार गुणी आहे तुझं यंत्र. एकदाही ओरडलं नाही!"

फ्रिजमधला साधा थर्मामीटर बघायला सांगितलंय. त्या गेल्यात. फोन चालूच आहे. पलीकडे काहीच वाजत नाही.