हातावरचं दही

बाबा, तुमच्या नातीचं ऑपरेशन झालं. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तिने तुम्हाला फोटोत पाहिलंय आणि "हे आजोबा रागावलेत का?" असं विचारलंय. नाही, चेहराच तसा होता, असं मी सांगितलं. सात वर्षांची आहे. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक होतं. आपोआप बुजेल म्हणून वाट पाहिली, बुजलं नाही. दोन जिने चढले की ती पायरीवर बसायची आणि चपलेचा पट्टा नीट करत राहायची, म्हणजे दमली असं कुणाला वाटू नये. हा स्वभाव कुणाचा ते सांगायला नको. यंदा डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. झालं एकदाचं. छातीवर मधोमध लांब व्रण आहे, ती आतल्या खोलीत झोपली आहे, दुपारचे तीन वाजलेत. खरं तर मीही झोपायला हवं, महिनाभर धड झोप नाही. पण डोळे मिटले तरी डोकं चालूच राहतं, म्हणून लिहायला बसले. आणि तुम्हालाच लिहितेय, कारण जे सांगायचंय ते जिवंत माणसांपैकी कुणाला सांगायची माझी हिंमत नाही.

आई गेल्यावर सदाशिव पेठेतल्या त्या दोन खोल्यांत आपण दोघंच. चष्म्याच्या दुकानात तुम्ही मागच्या बाजूला मशीनवर काचा घासायचात आणि शाळा सुटली की मी तिथे स्टुलावर बसून गृहपाठ करायची. गिऱ्हाईक विचारायचं, "काच टिकेल ना हो?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "तुम्ही टिकवलीत तर टिकेल." मालक कपाळाला हात लावायचे. घरीही तोच मामला. कौतुक नाही, जवळ घेणं नाही. देवावर तुमचा विश्वास नव्हता, आईचे देव तुम्ही मावशीला देऊन टाकलेत. पण माझ्या प्रत्येक परीक्षेला, अगदी साध्या घटक चाचणीलाही, मी चपला घालत असताना तुम्ही स्वयंपाकघरातून यायचात आणि माझ्या उजव्या तळहातावर चमचाभर दही-साखर ठेवायचात. "घे." एवढंच. मी चाटून हात फ्रॉकला पुसायची आणि त्यावरून बोलणी खायची. आई हे करायची, ते तुम्ही पुढे चालवलंत. नोकरीच्या मुलाखतीला निघाले त्या दिवशी दही नासलं होतं, तर तुम्ही अनवाणी खाली डेअरीत गेलात आणि वाटी घेऊन परत आलात, वर मलाच म्हणालात, "उशीर होतोय, उभी काय राहिलीस?" तुमची माया मला तुमच्या बोलण्यातून कधी मिळाली नाही, त्या चमच्यातून मिळाली. तेव्हा हे म्हणायची सोय नव्हती.

आणि तुमची स्वतःची वेळ आली तेव्हा काय केलंत? मी हिंजवडीच्या ऑफिसातून घरी येते, तर टेबलावर चिठ्ठी. "बायपास आहे. आठवड्यात येतो. दूध बंद केलंय. रजा घेऊ नये." कुठल्या हॉस्पिटलात, ते लिहायचं राहिलं की मुद्दाम लिहिलं नाही, मला अजून कळलेलं नाही. तीन-चार फोन केल्यावर तुमच्या मालकांकडून कळलं. सकाळी मी पोचले तोवर तुम्हाला आत नेलं होतं, आणि त्यानंतर तुम्ही शुद्धीवर आलाच नाहीत. एकोणीस वर्षं झाली, माझा राग गेलेला नाही. गेलात त्याचा नाही, असे गेलात त्याचा. एक पिशवी घेऊन, बसने, एकटे. निघताना तुमच्या हातावर कुणी दही ठेवलं नाही, कारण ते ठेवणारं एकच माणूस होतं आणि त्याला तुम्ही काही न सांगता ऑफिसला जाऊ दिलंत.

माझं सासर अकोल्याकडचं. त्यांच्यात सगळं उलटं. दवाखान्यात एकट्याने जायचं म्हणजे मागे कुणी नाही, असा अर्थ होतो. हॉस्पिटलने रक्त द्यायला चार माणसं आणायला सांगितली होती, नवऱ्याने गावी चार सांगितली आणि आठ आली. सासूबाई, मोठे दीर, जाऊ, चुलतसासरे आणि आणखी चौघं, दिरांच्या टेम्पो ट्रॅव्हलरमधून, सोबत ज्वारीचं पोतं. हडपसरच्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मी सकाळी बाथरूमसाठी रांगेत उभी. लेकीला कुणी लाडू देतंय, कुणी अंगारा लावतंय, कुणी येताजाता विचारतंय, "काऊन व पोट्टे, दुखते का?" तिला काहीच दुखत नव्हतं, मजा चालली होती. मला मात्र सारखं वाटायचं, मी आणि नवरा, एक रिक्षा, संपलं. तुमचंच रक्त.

तपासण्या आधी झाल्या होत्या. मुलांच्या वॉर्डात खाट त्या दिवशीच मोकळी होणार होती, म्हणून हॉस्पिटलने सांगितलं, सकाळी सहाला पोरीला उपाशीपोटी घेऊन या. रात्री बारानंतर पोटात काही जाता कामा नये. मी फ्रिजवर कागद चिकटवला: "मुलीला खायला देऊ नये. एकदा विचारून झाल्यावर पुन्हा विचारू नये." दिरांनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "पुण्याचं पाणी हाय बापा." सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी मला काय लिहिलंय ते विचारलं, मी समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि लाडूचा डबा स्वतः वर माळ्यावर ठेवला.

सकाळी पाच वाजता सगळे आवरून लिफ्टने खाली जाताहेत. नवरा फाइल घेऊन पुढे गेलाय. दारात लेक उभी आहे, चपला घालतेय, मागे सासूबाई पदर खोचताहेत. मी कुलूप घ्यायला आत जाते आणि लेकीकडे बघते. त्या क्षणी मला डॉक्टर आठवले नाहीत, माझाच कागद आठवला नाही, आणि तो तर मी उघडलेल्या फ्रिजच्या दारावरच होता. मला एवढंच दिसलं की हे पोर तसंच निघालंय. मी चमचाभर दही घेतलं, साखर घातली, तिच्या हातावर ठेवलं, म्हटलं, "घे." तिने चाटलं, हात फ्रॉकला पुसला. मी कुलूप लावलं. सोलापूर रोडने गाडी निघाली, कंपन्यांच्या बसेस एव्हाना सुरू झाल्या होत्या, चुलतसासरे जप करत होते, आणि मला पहिल्यांदा जरा बरं वाटत होतं. का बरं वाटतंय, हे मी स्वतःला विचारलंसुद्धा नाही.

वॉर्डात सिस्टरने लेकीलाच विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस का बाळा?" ती म्हणाली, "दही." मग सगळे वळले, बाबा. सगळे सासूबाईंकडे वळले. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. शिकलेली, पुण्याची, फ्रिजवर कागद लावणारी बाई असं करेल कशी? आणि मी? मीही त्यांच्याबरोबर सासूबाईंकडेच बघितलं. एवढं मला विसरता येत नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि म्हणाल्या, "म्या देलं. म्हातारीले ध्यान नाही रायलं." लेक माझ्याकडे बघत होती. मी वाकून तिच्या हातावरची नावाची पट्टी सरळ करत बसले.

भूल देणारे डॉक्टर आले. शांत माणूस. म्हणाले, चमचा असो की वाटी, दूधदुभत्यानंतर सहा तास भूल देता येत नाही, उलटी होऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतेल. आजची वेळ गेली, पुढच्या आठवड्यात बघू. नवरा कॉरिडॉरमध्ये आपल्या आईला म्हणाला, "अडाणीपणाची हद्द असते, आई." तो असं बोलणारा माणूस नाही. जाऊ रडायला लागली. आम्ही दहा मोठी माणसं आणि एक पोर, त्याच गाडीतून परत निघालो. मधेच लेकीने भूक लागली म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी मलाच विचारलं, "बिस्कुट देऊ का व?"

तेव्हापासून त्या प्रत्येक वेळी विचारायला लागल्या. पाणी देऊ का, केस विंचरू का. पुढच्या आठवड्यात लेकीला ताप आला, ऑपरेशन आणखी लांबलं. चार रात्री ती धापा टाकत माझ्या कुशीत होती आणि मला कळत होतं की हे दिवस मी तिच्यावर आणलेत. तिला काही झालं असतं तर मी बोलले असते का? असते, असं मला वाटतं. खात्री नाही.

तापानंतर दुसरी तारीख मिळाली. या वेळी आदल्या दिवशीच दाखल केलं आणि ऑपरेशनच्या सकाळी बाकीचे गाडीने आले. निघताना नवरा आपल्या आईला म्हणाला, "तू घरीच थांब." मी हॉस्पिटलातून फोनवर होते, मागून ते ऐकलं. त्या वेळी माझं एक वाक्य पुरलं असतं. मी विचारलं, "निघालात का?" आणि फोन ठेवला. पाच तास ऑपरेशन चाललं. तिला आत नेताना तिने माझं बोट सोडलं नाही, दारापर्यंत. मग सगळे बाकांवर, जपाची माळ, चहाचे कागदी कप, आणि मी गर्दीत बसून एका रिकाम्या जागेकडे बघत होते. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन "छान झालं" म्हणाले, तेव्हा दीर माझ्या नवऱ्याला धरून ओक्साबोक्शी रडले. घरी फोन करायचं कुणाला सुचलंच नाही. संध्याकाळी मी आंघोळीला घरी आले तर सासूबाई ओट्याशी होत्या, शेजारी भाकऱ्यांची चळत. किती माणसं परत येतील ते माहीत नाही म्हणून थापतच राहिल्या होत्या. मला बघून त्यांच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. विचारायची हिंमत होत नव्हती त्यांची. मी म्हटलं, "बरी आहे, आई." त्या तशाच खाली फरशीवर बसल्या. ज्याला बाहेर ठेवलं त्याचा दिवस कसा जातो, ते मला चांगलं ठाऊक होतं, आणि तरी मी तो त्यांच्या वाट्याला येऊ दिला.

तेव्हा मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही असं का म्हणालात? तुम्ही तर बघत होतात." त्या म्हणाल्या, "मले वाटलं, तुले डॉक्टरनं इतकं चालते म्हटलं असंन. तू शिकलेली." मग हाताचं पीठ झटकत, "पोट्टीले तुहा हात धरून आत जाचं होतं. सारे तुह्यावर ओरडले असते त तिनं कोणाकडं पायलं असतं? माह्यावर ओरडले त काय बिघडते." मी म्हटलं, "मी त्याला सांगते." त्या म्हणाल्या, "पोट्टी घरी येऊ दे आंधी." पोरगी घरी येऊन आज सहा दिवस झाले. नवरा आईशी बोलतो, पण जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढंच. उद्या सकाळी ती सगळी गावी निघणार आहेत.

हे पत्र मी पाठवणार कुठे, आणि ठेवणार कुठे, तेही कळत नाही, नवऱ्याच्या हाती पडायला नको. उद्याच्या आत त्याला सांगेन, असं लिहून संपवणार होते, पण तुमच्यापुढे ते चालायचं नाही. काल संध्याकाळी मी लेकीच्या छातीला मलम लावत होते. ती म्हणाली, "दही आजीने नव्हतं दिलं, तू दिलं होतंस." मी म्हटलं, "हो." तिने मलमाचं झाकण लावून दिलं. मग हळूच विचारलं, "बाबाला सांगायचं नाही का?" आणि बाबा, मी तिला म्हटलं, नको.