गोव्याचं विमान

आबा, गेला महिनाभर मी एका विमानतळाची माहिती लिहीत होते. आखातातलं मोठं विमानतळ. आपल्याकडची माणसं युरोपात, अमेरिकेत, आफ्रिकेत जाताना तिथे उतरतात आणि विमान बदलतात. एका प्रकाशकाला प्रवाशांसाठी छोटं पुस्तक हवं होतं. तिथून कुठे कुठे विमानं जातात, आत सोयी कोणत्या, शहरातून तिथे पोचायचं कसं, एवढंच. तीस वर्षं वर्तमानपत्रात काढल्यावर असलं काम जड जात नाही. ठरल्या दिवशी मजकूर दिला. दुसऱ्या दिवशी तिथल्या संपादक मुलीचा फोन आला. "मॅडम, भारतातल्या शहरांची यादी तपासली. गोवा राहिलंय बहुतेक." मी म्हटलं, घाला. फोन ठेवला आणि हे तुम्हाला लिहायला बसले. यादीतलं गाव माझ्याकडून सुटत नाही. आणि हे सुटलं ते का, हे मला माहीत आहे. तुम्हाला सांगायचं चौदा वर्षं राहून गेलं आहे.

त्या पुस्तकातला तक्ता करताना तुमची खिडकी सारखी डोळ्यांपुढे येत होती. कराडच्या स्टँडवरची चौकशीची खिडकी, तिची अर्धगोल फट, माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालेली कडा. तुम्ही वाहतूक नियंत्रक. खाकी शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. समोर माईक, आणि त्यावर माती बसू नये म्हणून आईनं शिवून दिलेली फडक्याची टोपी. मी कॉलेज सुटलं की उंब्रजची गाडी लागेपर्यंत तुमच्यामागे लोखंडी स्टुलावर पुस्तक उघडून बसायचे. वाचन होत नसे. तुम्ही कागद न बघता बोलत असायचा. पाटण, विटा, इस्लामपूर, चिपळूण, वाई. कुठली गाडी कुठे किती थांबते, कुठल्या फाट्यावर पुढची मिळते, कुठला ड्रायव्हर वेळ भरून काढतो आणि कुठला चहाला रेंगाळतो, सगळं तोंडपाठ. मात्र एक गोष्ट तुम्ही करायचा, ती दुसऱ्या कुठल्या स्टँडवर मी पाहिली नाही. गाडी विचारणाऱ्याला तुम्ही आधी विचारायचा, "कशाला निघालाय?"

एक दुपार अजून तशीच आहे. खिडकीशी एक म्हातारी, डोक्यावरचा पदर दातात धरलेला, मागे सून. म्हातारी वाईची गाडी विचारते. तुम्ही विचारता, "कशाला निघालाय, मावशी?"

"भन गेली माजी. सांगावा आलाय सकाळी."

"मग फलाटावर दोन नंबरला साताऱ्याची लागलीया, तिच्यात बसा."

"आवं, वाईची थेट गाडी दीड तासानं हाय म्हणं न्हवं?" सून म्हणते. "सासूबाईंचं गुडघं दुखत्यात, चढउतार नगं."

"थेट गाडी लग्नाला जायला," तुम्ही म्हणता. "मातीला जाणाऱ्यानं बसून ऱ्हायचं नसतं. पुढं सरकंल त्या गाडीत बसायचं. साताऱ्यात उतरा, वाईच्या गाड्या चालूच असत्यात. न्हाईच घावली तर पाचवडपतूर तरी जा. पर हितं बसू नगा."

मग तुम्ही माईकवरची टोपी काढता. दोन नंबरच्या वाहकाला, "मास्तर, मातीची माणसं हायती, पुढं जागा करा," असं साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असं सांगता. फलाटावरची माणसं आपोआप बाजूला होतात. सून सासूचा हात धरून जवळजवळ पळते. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणता, "तोंड बघायला मिळालं पायजे. बाकी काय आसतंय त्यात?"

आणि एकदा तुम्ही मला बोललात तेही आठवतं. तुम्ही डेपोत फोनवर होता आणि खिडकीशी आलेल्या माणसाला मी विट्याची गाडी आहे म्हणून सांगितलं. ती त्या दिवशी रद्द होती. तो माणूस दोन तास फलाटावर बसला, मग येऊन तुम्हाला शांतपणे म्हणाला, "साहेब, न्हाई म्हणला असता तर चालत तरी निघालो असतो." तुम्ही त्याची हात जोडून माफी मागितलीत. मला तिथे काही बोलला नाहीत. घरी जाताना गाडीत, उंब्रजचा पूल आल्यावर, एवढंच म्हणालात, "ठाऊक न्हाई म्हणायला लाजू नगंस. पर हाय ते न्हाई आन् न्हाई ते हाय, असं कुणाला सांगू नगं." नंतर बातम्यांच्या टेबलावर बसले तेव्हा हाताखालच्या पोरांना हेच वाक्य पुणेरी मराठीत सांगत आले.

तुम्ही ते विमानतळ पाहिलं नाहीत. एक तुम्हाला आवडलं नसतं, तिथे कुणी पुकारत नाही. एवढं मोठं स्टँड, दिवसरात्र गाड्या सुटतायत, आणि माईक बंद. माणसानं आपलं आपण फळ्याकडे बघायचं, अक्षर आणि आकडा लक्षात ठेवायचा आणि सरकत्या पट्ट्यावर उभं राहून तिकडे जायचं. एका इमारतीतून दुसरीत न्यायला आतल्या आत छोटी आगगाडी आहे, तिला चालक नाही. अंघोळीला न्हाणीघरं, पाठ टेकायला पडद्यांच्या खोल्या, नमाजाला जागा, लहान मुलांना घसरगुंडी. खालून शहरात जाणारी मेट्रो, बाहेर टॅक्सीची रांग, त्यात बायकांसाठी बायकाच चालवतात अशाही टॅक्सी. हे सगळं मी नीट लिहिलं. म्हाताऱ्या माणसानं फळा कसा वाचायचा, यावर वेगळा परिच्छेद दिला, कुणी मागितला नव्हता तरी.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. तुम्हाला झटका आला त्याला तीन महिने झाले होते. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ज्या आवाजावर सगळं स्टँड चालायचं तो आवाज गेला आणि तोंड मात्र चालत राहिलं. ओठ हलायचे, जीभ धडपडायची, बाहेर यायचा तो नुसता घशातला घोळ. मी पुण्याहून शनिवारी यायचे, रविवारी परत. पुरवणीच्या कामासाठी मला दहा दिवस युरोपात जायचं होतं. निघायच्या दिवशी तुमच्या खाटेशी बसले. तुम्ही काहीतरी सांगायला लागलात. मी कान जवळ नेला. पुन्हा तेच, पुन्हा तेच, डाव्या हातानं माझं मनगट धरून. मला कळेना. आणि मी, आबा, तुमच्या हातातल्या त्याच मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "गाडी चुकंल, आबा. आल्यावर बोलू," म्हटलं. तुम्ही हात सोडलात. तोंड उघडंच राहिलं होतं.

परतीच्या वाटेवर त्या विमानतळावर उतरले तेव्हा सकाळ होती. आमचं विमान उशिरा पोचलं होतं आणि मुंबईचं निघून गेलं होतं. फोन चालू केला तोच आपल्या धाकट्याचा, माझ्या भावाचा, फोन आला.

"आक्का, आबा गेलं गं. पहाटं. कुटं हायस तू?"

मी सांगितलं. तो रडत नव्हता, घाईत होता. मागे बायकांचा आवाज येत होता. "सगळी म्हणत्यात, लेकीला तोंड बघू द्या, मगच उचलायचं. दिवस मावळायच्या आत येशील न्हवं?"

"बघते," म्हटलं.

बदलीच्या विमानांसाठी वेगळं टेबल असतं. पुस्तकात मी ते कुठल्या मजल्यावर, हे लिहिलं आहे. टेबलामागे एक बाई होती, आपल्याच देशातली, केरळकडची असावी. मी तिला हिंदीत सांगितलं, वडील वारले आहेत. तिनं बोटं भराभर चालवली. मुंबईला संध्याकाळच्या आत जागा नव्हती. म्हणजे घरी पोचायला दुसरा दिवस. मग ती मान वर करून म्हणाली, "गोवा चलेगा? एक जागा आहे. सव्वा तासानं सुटेल." आणि मी तुमची मुलगी असल्यामुळे तिनं बोलणं पुरं करायच्या आत माझ्या डोक्यात हिशेब झाला. दुपारी गोव्यात. तिथून गाडी करून घाटानं बेळगाव, मग हमरस्ता, निपाणी, कोल्हापूर, कराड. दिवेलागणीला उंब्रजच्या पुलावर. वाटेत काही अडलं नाही तर होत होतं. तुम्ही खिडकीत असता तर मला विचारलंही नसतंत, माईकवरून मास्तरांना सांगून मोकळे झाला असता.

मी म्हटलं, नको, मुंबईचंच द्या.

तिला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, हळू, एकेक शब्द सोडवून. मी पुन्हा नको म्हटलं. मला ते तोंड बघायचं नव्हतं, आबा. उघडं राहिलेलं. काय सांगायचं होतं ते आता कधीच कळणार नाही, हे त्या तोंडाकडे बघून स्वतःला सांगायची माझी तयारी नव्हती. मी बाजूला जाऊन धाकट्याला फोन लावला आणि म्हटलं, "जागा नाही रे. कशातच नाही. उद्या पहाटे येते. तुम्ही उरकून घ्या." तो मग म्हणाला, "बरं. जपून ये. खाऊन घे काय तरी." त्यानंतरचा सगळा दिवस मी त्या चकचकीत इमारतीत काढला. सरकत्या पट्ट्यावरून गेले, परत आले. न्हाणीघरात जाऊन अंघोळ केली, सुतकाची म्हणून की कशी, सांगता येणार नाही. गोव्याच्या विमानाचं नाव फळ्यावर तांबडं झालं, मग वर सरकत सरकत निघून गेलं. ते मी उभी राहून पाहिलं.

पहाटे पोचले तेव्हा घरासमोर शेजारच्यांनी आणलेला चहा होता आणि अंगणात ओली माती. काकी मला गळ्याशी धरून म्हणाल्या, "थांबलो गं लय आमी." मला वाटलं, बोलायची रीत म्हणून म्हणतायत. तिसऱ्या दिवशी नदीवर सावडायला गेलो, तिथे चुलत्यांनी सांगितलं. मी जागा नाही म्हटल्यावर धाकट्यानं ते कुणाला सांगितलंच नव्हतं. माणसं चार वाजता उचलायला उठली तेव्हा तो दारात आडवा उभा राहिला. "थांबा, एखांदी जागा निघंल तिला, ती काय बसून ऱ्हाणारी न्हवं," म्हणाला. पाचला पुन्हा तेच, सहाला पुन्हा तेच. दिवे लागल्यावर चुलत्यांनी त्याला हाताला धरून बाजूला केलं.

त्यानं मला हे कधी ऐकवलं नाही. दरवर्षी म्हाळाला पानं उठल्यावर ओसरीवर तुमचा विषय निघतो, तेव्हा माझी बाजू तोच घेतो. यंदा त्याचा नवा जावई जेवायला होता. त्यानं सहज विचारलं, आत्याबाई तेव्हा परदेशात होत्या ना? "व्हय," धाकटा म्हणाला, "आक्कानं लय धडपड केली, पर जागाच न्हवती कुठल्या इमानात." जावयानं माझ्याकडे पाहिलं.

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, हे खरं. पण उंब्रजचा पत्ता आहे आणि वाचणारा माणूस, धाकटा, तिथे आहे. लिहिताना दोनदा वाटलं, तुमचं नाव खोडावं, वर त्याचं घालावं आणि उद्या टपालात टाकावं. तसं करणार नाही. त्या दिवशी ओसरीवर जावई माझ्याकडे बघत होता तेव्हाही मी हो म्हणून मान हलवली, आणि धाकट्याला म्हटलं, "तुला जेवायला वाढू का, तू बसलाच नाहीस."