दिमडीवरच वळणारं बोट

३ नोव्हेंबर, सोम.
परळचे डॉक्टर. सही करायला लावली, बटणं लावायला लावली. सगळं ठीक. मग म्हणाले, वाजवून दाखवा. दिमडी काढली. जरा लय धरते न धरते तोच अनामिका आत वळून तळव्याला चिकटली. "वादकांना होतं असं. वाजवलं नाहीत तर काहीच त्रास नाही तुम्हाला!" किती आनंदाने सांगावं माणसाने. जिन्यात रडले.

६ नोव्हें.
शेक, मलम, व्यायाम. कांदा चिरताना बोट शहाण्यासारखं. कणीक मळताना सरळ. दिमडीच्या कातड्याला लागलं की वळलंच. नवरा म्हणतो, "अगं, थोडा गॅप घे." मिलिंद प्रेमानेच म्हणतो. पण ही काय बँकेतली रजा आहे?

१२ नोव्हें.
गिरगावच्या कार्यक्रमाची जाहिरात आली. पुढच्या महिन्यात. 'डफ, दिमडी आणि स्त्री'. फोटोत माझा हात उगारलेला. इतकी वर्षं हेच सांगत आले: देवळांच्या भिंतींवर बायकांच्या हातात डफ आहेत, मग ते काढून घेतले कुणी? आणि हे, की कातड्यावर हात पडला की माणूस स्वतःपाशी येतो. लोक डोळे मिटून ऐकतात. आता कातड्यावर हात ठेवला की मला नुसती भीती वाटते. कोणत्या तोंडाने सांगू?

१९ नोव्हें.
बोट चिकटपट्टीने शेजारच्या बोटाला बांधलं. वाजलं, पत्र्याच्या डब्यासारखं. दिमडी पलंगावर भिरकावली. मग धावत जाऊन कड तपासली. देवा, मला दुसरं काही येत नाही रे. खरंच काही…

२६ नोव्हें., चंपाषष्ठी
करी रोडला शेवंताबाईंकडे खंडोबाचं जागरण. चाळीचा टॉवर झाला, सोसायटीत दहाला बंद, म्हणून संध्याकाळीच. बाई मुरळी, ऐंशीच्या पुढे. वाघ्या असलेला भाऊ गेल्यावर त्याची दिमडी यांनीच उचलली, मलाही यांनीच शिकवली. दरवर्षी तळी उचलून झाली की मी वाजवते. बोटाचं सांगितलं नव्हतं.
पहिल्याच गाण्यात वळलं. बाई गायच्या थांबल्या नाहीत. गातागाताच माझ्याकडून दिमडी घेतली, पुतण्याला दिली आणि माझ्या हातात घाटी ठेवली. ती छोटी घंटा. बाप्याने दिमडी वाजवायची, बाईने घाटी हलवायची. जन्मभर ज्याच्याशी भांडले तेच. सगळे बघत होते. हलवली.
बोट सरळ राहिलं. ताल एकदाही चुकला नाही. त्याचाच जास्त राग आला.
निघताना म्हटलं, "बाई, तुम्हीसुद्धा?"
"देवाम्होरं रिकाम्या हातानं बसू न्हाई, बाय. ऱ्हाऊ दे तुज्याकडं. पुढल्या साली लागंल."
पुढल्या साली! म्हणजे बोट बरं होणार नाही, हे त्यांनी धरूनच टाकलं. मला जे स्वतःशी म्हणवत नाही ते.

२९ नोव्हें.
गिरगावहून फोन. "मॅडम, साउंडवाला विचारतोय, दिमडीला एक माइक पुरे ना?" कळवते म्हटलं.
दुपारी घाटी परत द्यायला निघाले. करी रोडच्या पुलावरून माघारी फिरले. घरात शिरले तर मिलिंद, "पर्समध्ये काय वाजतंय गं?"
घाटी ठेवून घेतली, हे अजून सांगितलेलं नाही. त्यालाही, गिरगावलाही.