चौकट वाजवताना

६ फेब्रुवारी

बाहेरच्या खोलीची चौकट गेली! आज स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं खालपासून वरपर्यंत ठोकून पाहिली. आवाज फुसका. स्वयंपाकघराची तशीच. माळ्याच्या जिन्याच्या फळ्याही तशाच. वाळवी शेवटी शिरलीच.

धाकट्या भावाला तीन वर्षांपूर्वी शब्द दिला होता — लाकूड पोकळ वाजलं की घर विकू, मी तुझ्याकडे येईन. तेव्हा वाटलं होतं, लाकूड माझ्याहून जास्त टिकेल.

७ फेब्रुवारी

कुकर करपला. शिट्ट्याच झाल्या नाहीत. रिंग बदलायला हवी.

९ फेब्रुवारी

दर वर्षी याच दिवसांत बाबा लाकूड वाजवायचे. आधी कपाटं वीतभर पुढे ओढायची, बुडाला तेल चोपडायचं. मग ठोकणं. उजव्या हातात उलटा स्क्रू-ड्रायव्हर, डावा तळवा चौकटीवर सपाट टेकलेला, डोळे मिटलेले. मी आठ-नऊ वर्षांची, तेलाचा डबा धरून शेजारी.

"काय ऐकू आलं? सांग."

"भरीव."

"नक्की?"

"नक्की!"

मग पुढची फळी. धाकटा रुसायचा — मला का नाही विचारत? "तुझं चित्त थाऱ्यावर नसतं," बाबा म्हणायचे.

आतून आई — "अहो, तीनदा हाक मारली! चहाचं पाणी झालं. कानात बोळे घातलेत का?" बाबा चौकटीकडेच बघत. कामात असले की त्यांना जगाचं भान नसे. मला त्याचा केवढा अभिमान!

तेलाचा तो वास आठवडाभर माझ्या फ्रॉकला यायचा. धुऊ द्यायची नाही मी.

१० फेब्रुवारी

धाकट्याचा फोन. चिडलेला. "ताई, सकाळपासून पाचदा लावला!" वाजलाच नाही, म्हटलं. फोनही जुना झालाय.

चौकटीचं बोलले नाही. वाळवीवाल्याला बोलावलंय. त्यानं बघू दे, मग.

१२ फेब्रुवारी

वाळवीवाला आला. बराच वेळ दारात उभा होता म्हणे. बेलचे सेल गेले असणार.

माणूस बडबड्या, पण पुटपुटतो. सगळं दोनदा विचारावं लागलं. भिंतीलगत फुटाफुटावर भोकं पाडायची, औषध सोडायचं, पांढऱ्या सिमेंटनं बुजवायची. "मग वाळवी घराचं तोंड बघणार नाही, मावशी."

म्हटलं, आधी चौकट बघा. वाचवण्यासारखं काही उरलंय का?

त्यानं टोचा मारला. टोक शिरेना. बारीक भोक पाडलं, भुसा तळहातावर घेतला — कोरडा, पिवळा.

"कोण म्हणालं गेली?"

"मीच. वाजवून बघितली."

त्यानं मुठीनं ठोकलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा ठोकलं. "मावशी, घंटेसारखी वाजतेय की! माझ्या पोरांच्या लग्नापर्यंत हलणार नाही ही. आणि माझं स्वतःचंच लग्न व्हायचंय अजून!"

मी हसले. मला आवाज फुसकाच आला होता.

"मग औषध कशाला?" मी विचारलं.

"गेली नाही तोवरच मारायचं असतं. गेल्यावर मारून काय, दहावं घालायचं?"

१३ फेब्रुवारी

भोकं, औषध, सिमेंट. सगळ्या खिडक्या सताड. घर धडधाकट आहे! जिन्याची फळी न् फळी.

कुकरला नवी रिंग घातली. समोर उभी राहिले. वाफ उसळताना दिसली. शिट्टी नाही.

१७ फेब्रुवारी

कानांच्या डॉक्टरीणबाई. बंद खोली, कानांवर हेडफोन, ऐकू आलं की बटण दाबायचं. बटणावर बोट ठेवून बसून राहिले.

"बारीक, चिरके आवाज गेलेत. हळूहळू गेले, म्हणून कळलं नाही. घरात आणखी कुणाला होतं?"

नाही, म्हटलं.

यंत्र लावावं लागेल. धाकट्याला नाही कळवणार. शब्द लाकडाबद्दल दिला होता, कानांबद्दल नाही.

१८ फेब्रुवारी

चौकटीशी गेले. ठोकलं. फुसका.

मग डावा तळवा सपाट टेकवला, डोळे मिटले. पुन्हा ठोकलं. तळव्याला कळलं — भरीव.

काय ऐकू आलं? सांग.

मला वाटायचं, बाबा परीक्षा घेतात. ते खरंच विचारत होते.