मास्तरचा बिल्ला

आबा,

तुमचे बिल्ले मी अजून कुणाला दिलेले नाहीत. त्यावरून मला त्यांची माया आहे असं समजू नका. परवा पुण्याहून एक गृहस्थ येऊन गेले. जुन्या फौजांचे बिल्ले जमवणारी, ओळखणारी माणसं असतात. तुम्हाला वाटायचं, जगात तुम्ही एकटेच. त्यांनी प्रत्येक बिल्ला हातात घेऊन आधी पालथा केला. मला तुमचा आवाज ऐकू आला. "आदी पाठ बघायची. तोंड कसंबी रंगवता येतं." इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून मला बरं वाटलं नाही.

लढाई संपल्यावर तुम्ही इटलीतून आलात, पुढे सुभेदार होऊन निवृत्त झालात आणि तिथल्या शत्रूचे ते बिल्ले फौजी कांबळ्याच्या तुकड्यावर टाचून सोप्यात टांगलेत. देव्हाऱ्यातले टाक तुम्ही आम्हाला कधी समजावून सांगितले नाहीत. बिल्ले मात्र येईल त्याला. कॉलरवरची चांदणी साध्या शिपायाची, तिला मोल नाही. फॅसिस्ट पक्षाच्या काळ्या सदऱ्यावाल्या सैनिकांची ज्वाळा वेगळी. आणि मधोमध तो मोठा पितळी बिल्ला: चामडी पट्ट्यांनी आवळलेली काठ्यांची जुडी, तिच्यातून बाहेर आलेलं कुऱ्हाडीचं पातं. फॅसिस्टांची खूण. काठ्या फोडून काढायला, कुऱ्हाड मान उडवायला, असं तुम्ही सांगायचात आणि पाहुणे चहा पीत माना हलवायचे.

लहानपणची एक खंडेनवमी अजून डोळ्यांपुढे आहे. विळा, खुरपं, नांगराचा फाळ धुऊन पाटावर मांडलेत आणि शेजारी तुमचं कांबळं. आई चिंचेचा कोळ घेऊन बसली आहे.

"आवं, ही तर उसाची मोळी. कोयता खोवल्याली."

"मोळी न्हवं, हुकूम हाय त्यो. आन चिंच लावू नगंस, मुलामा जातोय!"

"मग आसंच काळंमिट्ट पुजू व्हय?" असं म्हणत आई घासते, हळदीचं बोट ओढते, वर झेंडूचं फूल ठेवते. तुम्ही आम्हाला एकेकाला वाकायला लावता. शेतकऱ्यानं अवजारं पुजावीत, शिपायानं हत्यारं, हे मला कळतं. पण ती खूण तुमची नव्हती. ज्यांच्याशी लढलात, ज्यांनी तुमच्या शेजारची माणसं मारली, त्यांची होती. तुमच्याच घरात तिला हळदकुंकू मिळत होतं आणि तुम्हाला त्यात काही खटकत नव्हतं.

एक बिल्ला बोटाच्या पेराएवढा होता. मिनाकामाचा, तीन रंगांचा, त्यावर तीच जुडी. त्याच्या पाठीला टाचणी नव्हती, कोटाच्या काजात अडकवायची गुंडी होती. "मोठ्या साहेबाचा. मेल्यावर काढला," तुम्ही म्हणायचात.

पंचाहत्तर साली आणीबाणी आली आणि ह्यांना सांगलीच्या शाळेतून उचलून नेलं. हे मास्तर. एका सभेत बोलले होते. पगार बंद झाला, मुलगी अंगावर पीत होती. तिला घेऊन कराडला एसटी बदलून मी तुमच्याकडे आले. सुभेदारांचा शब्द तालुक्यात चालायचा, फौजदार तुमच्या सोप्यात बसून बिल्ले बघून गेलेला. तुम्ही एकदा त्याच्याशी बोलावं, एवढंच मी मागत होते.

"सही कर म्हणावं. चुकलं, परत बोलनार न्हाई. सुटंल."

"ते चुकलेले नाहीत, आबा."

"मग बसा. लय ढिलं झालं हुतं समदं. आता एसटी येळंवर येती का न्हाई?"

"त्याच एसटीनं आले. पोर घेऊन, उभी."

"तोंड लय चालतंय तुजं."

मग तुम्ही उठलात, कांबळ्यावरून तो लहान बिल्ला सोडवलात आणि माझ्या हातावर ठेवलात. "ह्यो सायबाचा न्हवं. मास्तरचा. ज्या गावात आमचा तळ हुता, तितल्या शाळंचा. ह्यो लावल्याबिगर नोकरी न्हवती त्येंच्यात. मनात काय का आसंना, लावला त्येनं. पोरं जगवली. आमी गावात शिरलो तवा काढला आन मला दिला, पिठाच्या पिशवीच्या बदल्यात. शाना मानूस. जावयाला दे. बघू दे त्येला."

मी तो पालथा केला. गुंडी. हा गणवेशावरचा नाही, नेहमीच्या कोटावरचा आहे, हे ती गुंडी माझ्या लहानपणापासून सांगत होती. पाठ बघायला तुम्हीच शिकवलंत आणि तुम्हीच मेलेल्या साहेबाची गोष्ट सांगत राहिलात. खरी गोष्ट बाहेर काढलीत ती माझ्या नवऱ्याला वाकवायला.

तुम्ही फौजदाराशी बोलला नाहीत. मी बिल्ला ह्यांना दाखवला नाही. ह्यांनी सही केली नाही.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. दहाव्याला कृष्णेकाठी पिंडाला कावळा शिवेना. चुलत्यांनी हात जोडून सांगितलं, जावयाला सोडवून आणतो. कावळा झाडावरच. आई म्हणाली, "तुमचं बिल्लं नीट ठेवू, आवं, या आता." तरीही नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. बायका रडत होत्या. मी उन्हात उभी होते आणि मला वाटत होतं, बसा ताटकळत. आम्हीही तुरुंगाच्या दारात बसतो.

आणीबाणी उठली तेव्हा हे सुटले, खंगून, पण मान ताठ. शिकवण्या करून मी घर चालवलं. मुलगी जगली, शिकली. आमच्यापैकी कुणी बिल्ला लावला नाही. हे तुम्हाला सांगायचं होतं, आणि ऐकायला तुम्ही नव्हतात, याचाही मला राग आहे.

पुण्याचे गृहस्थ लहान बिल्ला परत ठेवत म्हणाले, असे ढिगानं निघाले होते, त्यात विशेष काही नाही.

हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणून लिहिते. "पोरं जगवली" म्हणताना तुमचा आवाज उतरला होता. ती पोरं तुम्ही पाहिली असणार. पीठ दिलंत ते बिल्ल्यासाठी नसेलही. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला भांडता आलं नसतं.