बसून रव

१६ जून
डाव्या हाताने लिहितेय. म्हापशाच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं, रोज चार ओळी. 'ळ' इतका अवघड असतो माहीत नव्हतं. झाल्या चार.

१७ जून
काय लिहू? मार्चमध्ये तुयेच्या कारखान्यात, खोके कापायच्या मशीनवर, उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याला लागून होती ती. अंगठा, करंगळीशेजारचं तिसरं बोट नि करंगळी आहेत. पुरे.

२० जून
नसलेल्या बोटाला खाज सुटली. खाजवू कुठे? उमेशला सांगितलं तर घाबरला, डॉक्टरला फोन करूया म्हणाला. नवरा विमानतळावर टॅक्सी चालवतो, दिवसभर अनोळखी माणसांशी गप्पा मारतो, आणि बायको जरा काही बोलली की तोंड पांढरं.

२६ जून
माय हल्ली फारच गोड. सासू इतकी गोड झाली की जीव घाबरा होतो. मी उठले की, "बसून रव," म्हणजे बसून राहा. भांड्याला हात लावला की, "बसून रव गो, मी आसय मगो." लग्न होऊन आल्यापासून ह्या बाईने मला बसलेली बघितली की कपाळाला आठ्या घातल्या. आता बसून बसून बूड दुखायला लागलं.

३ जुलै
मॅडमकडे जाऊन आले. उमेशला भाडं नसेल तेव्हाच जायचं, म्हणजे कधी ते देवाला माहीत. बोटांच्या थोटकांना नुसता साडीचा पदर लागला तरी डोळ्यांतून पाणी. मॅडम म्हणाल्या, परातीत तांदूळ घ्या, त्यात हात चोळा, हाताला सवय करा. त्या कोल्हापूरच्या. रागावत नाहीत, सोडतही नाहीत.
घरी आमचे उकडे तांदूळ घेतले. मायने विचारलं, हे मग शिजवायचे काय? म्हटलं, नाही, हे माझे.

४ जुलै
आई गं. काटे परवडले.

११ जुलै
माझी स्कूटर पडवीत ताडपत्रीखाली आहे. उमेश जेवताना सहज म्हणाला, नुसती उभी राहून बॅटरी जाईल, गणपतीची चवथ झाली की स्नेहाला देऊया, तिला कॉलेजात जायला बरी. स्नेहा म्हणजे त्याच्या भावाची मुलगी. पोर चांगली. म्हणूनच मला तोंडातून 'नको' काढता येईना. जेवण गेलं नाही.
ती स्कूटर माझ्या पगाराची. तिच्यावरून कामाला गेले, पेडण्याच्या बाजाराला गेले, माहेरी बांद्याला गेले, कोणाला विचारलं नाही. आता साधा धागा आणायचा तर नवऱ्याची वेळ बघा, नाहीतर बस कधी येते बघत वाटेवर उभी राहा. आणि बसमध्ये सगळे हाताकडे बघणार.
चवथीपर्यंत वेळ आहे. तोवर मूठ आवळता आली पाहिजे. बस्स.

१५ जुलै
मॅडमना स्कूटरचं विचारलं. हसतील वाटलं होतं. त्यांनी माझा हात उलटासुलटा केला, म्हणाल्या, मुठीतलं बळ करंगळीच्या बाजूला असतं, ते तुमचं शाबूत आहे. आधी दुखणं जाऊ दे, मग चिमूट, मग मूठ. ब्रेक डाव्या हाताचा वापरायची सवय करावी लागेल, पण घाई नको.
परतताना उमेशला काही सांगितलं नाही. खिडकीतून बाहेर बघत आले. मलाच हसू येत होतं.

२८ जुलै
तांदूळ आता सोसतात. चिमटीसाठी मॅडमनी मऊ रबराचा गोळा दिलाय, पिठाच्या गोळ्यासारखा. दाबा, सोडा, दाबा, सोडा. कंटाळ्याचा कळस.

५ ऑगस्ट
आज मॅडमकडे बसल्या बसल्या गोळा चपटा केला, दुमडला आणि कडेला मुरड घालायला लागले. अंगठा आणि तिसरं बोट. वाकडीतिकडी पडली, पण पडली. मॅडम म्हणाल्या, "करंजी?" मी म्हटलं, नेवरी. त्या म्हणाल्या, तीच ना? मी म्हटलं, तीच, पण आमच्यात नेवरी म्हणतात. मग त्या म्हणाल्या, "घरी पीठ नाही का? रबर कशाला दाबताय?"
खरंच की. हे मला कसं सुचलं नाही?

१४ ऑगस्ट
आजपासून लिहिणं उजव्याने. पेन अंगठ्यात नि तिसऱ्यात. अक्षर माझं नाही, कोणा तिसऱ्याच बाईचं. पण डाव्यापेक्षा भराभर. रोज पोळीच्या कणकेतला गोळा काढून मुरड घालते नि परत मोडते. माय लांबून बघते.

१९ ऑगस्ट
वाईट दिवस. मुरड घालताना कळ निघाली ती थेट कोपरापर्यंत. गोळा फेकला भिंतीवर. तो भिंतीलाच चिकटला. उमेशने गुपचूप काढून ठेवला. मला वाटलं तो बोलेल, देऊन टाक ती गाडी आता. बोलला नाही. ते जास्त लागलं.

२४ ऑगस्ट
लिहायचंच आहे आज.
चवथीच्या नेवऱ्या. माय लाटायला बसली, स्नेहा मदतीला आलेली, तळायला. मी पाट ओढला तर माय म्हणाली, "तू बसून रव." मी म्हटलं, बसतेच आहे, पाटावर. आणि पुरी उचलली.
खोबरं-गुळाचं चून भरलं, दुमडलं, मुरड घातली. पहिल्या दोन तळून वर आल्या, फुगलेल्या. मला वाटलं जिंकले. तिसरी तेलात सुटली. सगळं खोबरं-गूळ बाहेर. चौथीचंही तेच. गूळ जळला, घरभर धूर, कढईतलं तेल डांबरासारखं. स्नेहा झारा धरून उभी, माझ्याकडे बघेना.
आणि माय ओरडली. "सगळा त्याल काळा केलंस मगो! लक्ष खंय होता तुजा?"
मी उठून मागच्या दाराला गेले आणि रडले. स्नेहाला वाटलं मला लागलं. कसं सांगू? मार्चपासून ह्या घरात मला कोणी ओरडलं नव्हतं. आजारी माणसाला ओरडत नाहीत, पाहुण्याला ओरडत नाहीत. माय आज मला सून म्हणून ओरडली. इतकं बरं वाटलं की काय लिहू.
थोड्या वेळाने तीच मागे आली. "रडाक काय झाला? नवा त्याल घातलंय. ये, परत कर. कडेक पाणी लाव आधी."
कडेला पाणी लावायचंच विसरले होते. त्यात बोटांचा काय दोष? दहा बोटं असती तरी फुटली असती.

२७ ऑगस्ट
चवथ. गणपतीच्या पानात मायने एक नेवरी माझी ठेवली. सांगितलं नाही तिने, पण मुरड जाड, लांबून ओळखता येते. हात जोडले. आठ बोटं काय नि दहा काय.

१ सप्टेंबर
काल विसर्जन झालं. घर रिकामं वाटतं. उमेशने आज विषय काढला, रविवारी स्नेहा गाडी न्यायला येईल. मायही तिथेच, उरलेली फुलं गोळा करत होती.
मी म्हटलं, "स्कूटर माजी आसा."
"आणि पडलंस तर?"
"पडलंय तर उठतलंय."
चावी खिळ्याला असते, त्याने तिकडे बघितलं फक्त. माय म्हणाली, आधी देवळाकडच्या मैदानात फिरव, रस्त्यावर नको. मला वाटलं होतं ती मुलाची बाजू घेईल.

३ सप्टेंबर
मैदानात. उमेश मागून पळतोय, मागची सीट धरून, वयाचा विचार न करता. अंगठ्याने सेल्फ दाबला, चालू झाली. बॅटरी जिवंत! दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. मग हाताला घाम आला नि मूठ निसटायला लागली. थांबले. उमेश धापा टाकत गवतावर बसला, मीही बसले. मग त्याने विचारलं, त्या दिवशी मशीनवर फार दुखलं होतं का? सहा महिन्यांत पहिल्यांदा विचारलं. म्हटलं, तेव्हा नाही. नंतर.

४ सप्टेंबर
सकाळी बघते तर उजव्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली, घट्ट, नीट. उमेशला विचारलं तर म्हणाला, रबर ढिला झाला होता. बरं.
मूठ निसटत नाही आता.

७ सप्टेंबर
स्नेहा आली. उमेश भाड्याला गेलेला. तिने चावीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हटलं, चल, बस मागे. माय दारात उभी राहिली, पदर तोंडाला लावून.
गावातून निघाले, चढ चढले, तुयेच्या फाट्यापर्यंत गेले. कारखान्याची वाट तिथून दिसते. अंगावर काटा आला, पण मूठ सुटली नाही. चढावर समोरून टँकर आला तेव्हा स्नेहाने माझा खांदा घट्ट धरला. म्हणाली, "काकी, मी चालवू?"
"तू बसून रव," म्हटलं.
तोंडातून निघून गेल्यावर कळलं काय बोलले ते. मग इतकी हसले की गाडी कडेला घ्यावी लागली. ती बिचारी विचारतेय, काय झालं, काय झालं.
घरी आल्यावर तिने चावी खिळ्याला लावली. माझं कॉलेजचं काय, असं विचारलं. बघूया, म्हटलं. दोघींत एक स्कूटर, काहीतरी जमवावं लागेल. मला तिचंही वाईट वाटतंय.

८ सप्टेंबर
उद्या म्हापशाला मॅडमकडे. तुयेच्या चढापेक्षा लांब, आणि महामार्ग. हात सकाळपासून दुखतोय, पण रोजच्यासारखाच.
उमेशने आताच विचारलं, उद्या किती वाजता सोडू?
मी खिळ्यावरच्या चावीकडे बघितलं.